एकेचाळिसावं नाव

बस, जेनेट. कडी घातलीस ना? वात विझायला आली तर त्या टोपलीत लव्हाळ्याच्या आणखी आहेत. चरबीचा वास येतो, माहितेय मला. नाक मुरडू नकोस. चर्चमधल्या मेणबत्त्यांची थोटकं घरी आणायचे दिवस गेले.

चाळीस नावं झाली दुपारी. तू पाहिलंस सगळं. मी नाव पुकारलं की ज्याच्या त्याच्या घरची बाई ओ देत गेली. एकेचाळिसावं मी मुद्दाम मागे ठेवलंय. ते माझ्या पोराचं. आजपासून त्याला ओ तू द्यायचीस. मी तुझी सख्खी मावशी, मला दुसरं कोण आहे? माझा दम आता पुरत नाही. पण आधी ऐकून घे, आणि मग हो म्हण. तोवर मी त्याचं नाव तोंडातून काढणार नाही. बुडालेल्या कुणाचंच नाव मी आज उगाच घेणार नाही, त्यामुळे 'अमकीचा नवरा, तमकीचा भाऊ' असंच सांगेन. समजून घे.

तेवीस वर्षं झाली. दिवस हाच, मृतांचा. मी सकाळी वेदीची चादर आणि फादरांचा झगा धुऊन, वाळवून, घडी करून चर्चकडे निघाले होते. तेव्हा कपडे धुण्याचं काम माझ्याकडेच होतं. टोपली डोक्यावर, पायात लाकडी खडावा. कड्यावरची वाट तुला ठाऊक आहे. एका अंगाला मेंढ्यांचं रान, दुसऱ्या अंगाला खाली पुळण. ओहोटी होती. अशी ओहोटी मी क्वचित पाहिलीय. पाणी इतकं मागे गेलेलं की जुन्या होडीच्या फासळ्या उघड्या पडलेल्या. आणि त्या पलीकडे धुक्याची एक भिंत उभी होती. वारा नव्हता, तरी ती भिंत हळूहळू किनाऱ्याकडे सरकत होती. मी मनात म्हटलं, आज चादर परत ओलसर होणार. एवढंच. बाईमाणसाला त्या वेळी दुसरं काय सुचणार?

आमच्या यादीबद्दल तुला सांगायला नको, पण तू वरच्या गावात वाढलीस, तिकडे लोकांना थडगी असतात. आमच्या मार्लविकला निम्म्या पुरुषांना थडगं नाही. समुद्र नेतो आणि परत देत नाही. मग त्यांचं काय करायचं? तर कातड्याची एक लांबलचक गुंडाळी होती, तिच्यावर फक्त बुडालेल्यांची नावं. वर्षातून एकदा फादर ती वाचायचे. एकेक नाव घेऊन थांबायचे, आणि त्या घरातलं कुणीतरी उभं राहून त्याच्या वतीनं ओ द्यायचं. घरात कुणी उरलं नसेल तर फादर स्वतः द्यायचे. ओ मिळाली की बुडालेल्याला कळतं, घरात आपली जागा कुणीतरी राखून आहे. तो निजतो.

आणि नाही मिळाली तर? तर तो स्वतः ओ द्यायला येतो. आणि आलेल्याला परत जायची वाट सापडत नाही.

हसू नकोस. माझ्या आईच्या वेळी एक भांडकुदळ बाई होती, मेलेल्या नवऱ्यावर रुसून ती त्या दिवशी चर्चला गेलीच नाही, आणि फादरही तापानं आडवे होते, कुणा पोरसवदा माणसानं यादी वाचली. त्याला काय कळतंय? नवऱ्यानं स्वतःच ओ दिली. पुढे अकरा वर्षं तिच्या घरात कुणालाही हाक मारली की आधी तोच ओ द्यायचा. लेकीला हाक मारली, त्याची ओ. गाईला हाक मारली, त्याची ओ. शेवटी ती बाई मुक्यासारखी हातवारे करून घर चालवायला लागली. जिभेचा पट्टा असा होता तिचा, आणि मेली तेव्हा शब्द विसरली होती.

माझ्या पोराचं नाव यादीत घालायला मी लग्नातलं पितळी पातेलं चर्चला दिलं. एकोणीस वर्षांचा होता. हेरिंग माशांच्या हंगामात गेला, त्या दिवसाच्या दोन वर्षं आधी, आणि होडीची एक फळीसुद्धा परत आली नाही. आळशी हो फार. म्हणजे कामाला नाही, ओ द्यायला. तीन हाका मारल्याशिवाय ओ म्हणून द्यायचा नाही. "अरे मेल्या, कानात बोळे घातलेत का?" असं ओरडलं की मग सावकाश, ताणून, "ओऽऽ". मला असा राग यायचा! आता त्या रागासाठीही जीव तुटतो.

तर मी चर्चला पोचले तेव्हा दारात तीन घोडे बांधलेले. आत सगळं गाव जमलेलं. वेदीपाशी राजाचा माणूस उभा. काळा झगा, पातळ ओठ, एक गाल सुजलेला. दाढ दुखत असावी, कारण तो तोंडात सारखी लवंग घोळवत होता. तो वास आमच्या गावाला नवा. लवंग आमच्याकडे कुणी पाहिलीसुद्धा नव्हती, शेजारच्या मॉडनं मला कोपरानं ढोसून विचारलं, "हा काय खातोय गं?" त्याचं नाव मला ठाऊक आहे, पण तेही आज घेणार नाही. का ते कळेल. त्याला मी लवंगवालाच म्हणते.

राजाचं आणि रोमचं भांडण आमच्याही कानावर आलं होतं. राजाला नवी बायको हवी होती, पोप नाही म्हणाला, तर राजा म्हणाला, जा, आता माझ्या देशातल्या चर्चचा धनी मीच. राजा बोले, दळ हाले. आम्हाला काय त्याचं? हुकूम आला, 'पोप' हा शब्द प्रत्येक पुस्तकातून खरवडून काढा. फादरनी खरवडला, चाकूला धार मीच लावून दिली होती. मग हुकूम आला, संतांच्या मूर्तींपुढचे दिवे विझवा. विझवले. मठ रिकामे केले, तेव्हाही आम्ही गप्प. मोठ्यांच्या भांडणात आपण पडू नये असं माझी आई सांगायची. पण भांडण आपल्या उंबऱ्याच्या आत आलं की आईचं ऐकून चालत नाही.

लवंगवाल्याच्या हातात आमची गुंडाळी होती.

"हे असलं आता चालणार नाही," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण शिकलेल्या माणसाचा होता. "मेलेला देवाच्या हाती गेला. त्याला तुमची ओ लागत नाही, तुमची मेणबत्ती लागत नाही. रोमनं तुम्हाला घाबरवून ठेवलंय. हे भूत आहे तुमच्या मानगुटीवर बसलेलं, आणि राजानं मला ते उतरवायला पाठवलंय."

फादर खाली बघत होते. गरीब माणूस. शेवटी माझंच तोंड उघडलं. टोपली खाली ठेवली आणि म्हटलं, "साहेब, रोमचा यात काय संबंध? पोपला आमच्या गावाचं नावसुद्धा ठाऊक नसेल. तुम्ही पोपला खरवडा म्हणालात, आम्ही खरवडला. पण हा माझा पोरगा आहे. पोप नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. लवंगवाला हसला नाही, पण चिडलाही नाही. त्यानं एक नवीकोरी वही उचलली. "बाई, राजानं प्रत्येक गावाला ही दिलीय. जन्म, लग्न, दफन, सगळं यात लिहायचं. तुझा मुलगा कुठे पुरलाय?"

"समुद्रात."

"म्हणजे पुरला नाही."

"नाही."

"मग यात येत नाही. यात पुरलेल्यांचीच नोंद."

"म्हणूनच ती यादी ठेवा साहेब. राजाच्या वहीत त्याला जागा नाही, जमिनीत नाही. एवढ्या ओळीत तरी असू दे. तेवढीच जागा आहे त्याला."

खरं सांगते, क्षणभर त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं. वाईट माणूस नव्हता तो. पण त्याच्यामागे दोन शिपाई उभे होते आणि समोर अख्खं गाव, आणि शिकलेल्या माणसाला चारचौघांत माघार घेता येत नाही. त्यानं शेगडी जवळ ओढून घेतली. म्हटलं, संपलं, आता जाळणार. पण तो थांबला आणि गुंडाळी उलगडली. म्हणाला, "जाळून उपयोग नाही. जाळली तर तुम्ही म्हणाल, यादी होती तोवर बरं होतं. मी स्वतः वाचतो. प्रत्येक नाव. आणि कुणीही ओ द्यायची नाही. बघा काय होतं ते. काही होणार नाही. मग तुमच्या हातानंच जाळा."

तेव्हा फादरनी पहिल्यांदा तोंड उघडलं. गुडघ्यावरच बसले. "साहेब, जाळा. आत्ता जाळा, मी निखारे फुंकतो. पण वाचू नका. वाचून ओ न देता सोडू नका..."

"ओ जो देईल," लवंगवाला आमच्याकडे वळून म्हणाला, "तो राजाचा शब्द मोडेल. राजाचा शब्द मोडणं म्हणजे राजद्रोह. नॉरिच शहरी नेऊन त्याला फास आहे."

दुपारची वेळ होती. पण धुकं कडा चढून वर आलं होतं. खिडक्या एकेक करून पांढऱ्या झाल्या, आणि आत उजेड असूनही माणसांचे चेहरे धूसर झाले. खारट, कुजलेल्या शेवाळाचा वास आला. त्यातच तो लवंगेचा.

त्यानं पहिलं नाव वाचलं.

कुणी हललं नाही. तो थांबला, खांदे उडवले, दुसरं वाचलं. तिसरं. इडिथ माझ्या पुढे बसली होती, तिच्या दोन भावांची नावं लागोपाठ आली. तिनं शालीचं टोक दातांत धरलं, पण ओ दिली नाही. फास कुणाला हवाय? मी तिला दोष देत नाही. मीही गप्पच होते की!

सातवं नाव वाचलं. आणि बाहेरून... फार लांबून, जिथे पाणी मागे गेलं होतं तिकडून...

"ओ."

एवढंच. कुणीतरी पुळणीवरून सहज हाकेला ओ द्यावी तसं. लवंगवाल्यानं मान वर केली. "कोण आहे ते? चावटपणा चाललाय का?" एका शिपायाला त्यानं बाहेर पाठवलं. शिपाई गेला, आला. म्हणाला, "साहेब, कुणी नाही. पाणी मैलभर मागे आहे. वाळूवर... कुणीच नाही." पण तो आपल्या जागी परत गेला नाही. दाराला पाठ लावून उभा राहिला, आणि पुढे तसाच राहिला.

आठवं. पुन्हा ओ. नववं. पुन्हा. आणि जेनेट, प्रत्येक ओ आधीच्यापेक्षा जवळून. पुळणीवरून. मग कड्याच्या पायऱ्यांवरून. मग मेंढ्यांच्या रानातून, आणि सगळ्या मेंढ्या एकदम गप्प झाल्या. आवाज वेगळेवेगळे होते. म्हातारे, तरणे. एकाला ओ देता देता खोकला आला, आणि मॉडनं माझा दंड असा आवळला की महिनाभर वळ होता. "माझा आहे गं," ती कुजबुजली. "असाच खोकायचा..."

"ओ दे," मी म्हटलं. "अजून दे."

"फास..." ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, "मला अजून एकदा ऐकू दे."

बघ, हीच तर खोच होती. भीती होतीच, पण नुसती भीती नव्हती. दोन वर्षं, दहा वर्षं, वीस वर्षं ज्याचा आवाज ऐकला नाही त्याचा आवाज दारात आला, तर कुठली बाई तोंड दाबून बसणार नाही? मीही बसले. खोटं कशाला बोलू? माझ्या पोराचं नाव शेवटी होतं आणि मी मनात एकेक आकडा मोजत होते. वाटत होतं, गप्प राहायचं. फक्त गप्प राहायचं, की तो येईल. ताणून म्हणेल, ओऽऽ. एकदाच. मग काय व्हायचं ते होऊ दे.

तिसाव्या नावाला ओ आली ती चर्चच्या ओसरीतून. पस्तिसाव्याची आतून आली. मागच्या बाकांवरून. मागे वळून पाहायची कुणाची छाती झाली नाही. बाकं मात्र करकरली, माणसं बसल्यावर करकरतात तशी. लवंगवाला आमच्या डोक्यांवरून मागे बघत होता. त्याला काय दिसलं ते त्यानं कधी सांगितलं नाही. पण तो थांबू शकत नव्हता. थांबायचा प्रयत्न करत होता, मी पाहिलं. ओठ मिटत होता आणि पुढचं नाव आपोआप बाहेर येत होतं. लवंग कधीच गळून पडली होती.

अडतीस. एकोणचाळीस. ते सगळे आत येऊन बसलेले आणि बसल्या जागी काही करत नव्हते. नुसते बसलेले. ओल्या लोकरीचा वास आणि थंडी. माझ्या मनात आलं, आता हे कुठे जाणार? यांना घरी न्यायचं? चुलीशी बसवायचं? त्या भांडकुदळ बाईची गाय आठवली मला. माझं पोरगं असं... जिथे तिथे, ज्याच्या त्याच्या हाकेला ओ देत... ना जमिनीत, ना पाण्यात, ना घरात. आणि ते कशासाठी? तर आईला एकदा आवाज ऐकायचा होता म्हणून. आणि एका राजाला कुणाला तरी दाखवून द्यायचं होतं म्हणून.

चाळीस. मागून ओ.

मग त्यानं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्या पोराच्या नावाचं पहिलं अक्षर उच्चारलं. माझ्या मागे, अगदी मानेशी, कुणीतरी श्वास आत घेतला. सावकाश. आळशीपणानं.

मी ताडकन उठले आणि ओरडले, "ओ!"

अशी ओरडले की छताशी बसलेली कबुतरं उडाली. "ओ! मी आहे इथे! त्याची आई आहे! त्याची जागा मी राखलीय, निज म्हणावं त्याला!"

मानेशी तो श्वास तसाच सुटला. शब्द न होता.

मग मी लवंगवाल्याकडे गेले. म्हटलं, "चला साहेब. बांधा. राजाचा शब्द मोडलाय मी, आणि परत मोडीन. तुमचा राजा पोपला हाकलू शकतो, मठ पाडू शकतो, बायका बदलू शकतो. माझ्या पोराच्या नावाला ओ द्यायची की नाही, हे त्याला विचारून ठरणार नाही." माझ्यामागे मॉड उठली. मग इडिथ. मग सगळ्याच. आपापल्या माणसाची ओ, उशिरा का होईना, देत सुटल्या. एकच गलका. फादर रडत होते आणि ज्यांचं कुणी नव्हतं त्यांची ओ देत होते. फास द्यायचाच तर अख्ख्या गावाला द्यावा लागला असता, एवढा दोर नॉरिचला नव्हता.

लवंगवाल्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता. त्यानं सवयीनं लेखणी उचलली. "नाव," तो म्हणाला. "तुझं नाव सांग. लिहून घेतो."

"सांगते की," मी म्हटलं. "आणि मग तुम्ही ते मोठ्यानं वाचून दाखवा. कायदा तसाच आहे ना, आरोपीचं नाव पुकारायचं? पुकारा साहेब. बघू कोण ओ देतंय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग मागच्या बाकांकडे. लेखणी खाली ठेवली. गुंडाळी मात्र शेगडीत टाकली. तेवढं त्यानं केलं, कारण ते न करता परत जायची सोय नव्हती. कातडं जळताना आकसलं आणि त्याला माणसाचं मांस जळल्यासारखा वास आला. मग तो चालू लागला. धुक्यात गेला. आम्ही दारात उभ्या होतो. त्याला घोडा दिसेना, म्हणून शिपायानं पलीकडून त्याच्या नावानं हाक मारली.

लवंगवाला उत्तर द्यायला तोंड उघडतच होता. मी त्याला पाहत होते, दारापासून चारच पावलांवर होता तो. तोंड उघडं, शब्द नाही. आणि धुक्यातून, दुसऱ्या कुठूनतरी, त्याच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं,

"ओ."

तो परत कधी मार्लविकला आला नाही. तक्रारही गेली नाही, फासही आला नाही. पुढे ऐकलं की त्यानं नोकरी सोडली, आणि घरच्यांना ताकीद दिली होती की मला नावानं हाक मारायची नाही. मागच्या हिवाळ्यात गेला म्हणतात. पुरला की नाही, कुणास ठाऊक.

उशिराच्या ओनं ते चाळीस माघारी गेले की अजून धुक्यातच आहेत, कुणाला ठाऊक. म्हणून आमच्या गावात तेव्हापासून बाहेर कुणी कुणाला हाक मारत नाही. शिट्टी घालतात. वरच्या गावचे हसतात, तूही हसायचीस नवीन आलीस तेव्हा. नंतर जे बुडाले त्यांची नावं त्यांच्या बायका मनातच घेतात, पुकारत नाहीत. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं. पण ते एकेचाळीस मात्र सोडता येत नाहीत. एकदा पुकारलेले आहेत ते. यादी जळली, पण मी ती वर्षानुवर्षं ऐकलेली, मला वाचायला येत नसलं तरी तोंडपाठ आहे. राजा मेला, त्याचं पोरगं बसलं, ते मेलं. मग मोठी लेक बसली, पोप परत आला. ती मेली, धाकटी बसली, पोप परत गेला. प्रत्येकानं ही रीत एकतर चालू दिली नाहीतर बंद केली. आम्ही कुणाला विचारलं नाही. माझ्या या धुण्याच्या खोलीत, कडी घालून, दरवर्षी वाचली. आणि वाचणार.

आता खरी गोष्ट. हे मी मॉडलाही सांगितलेलं नाही.

दरवर्षी मी त्याचं नाव पुकारते, आणि दरवर्षी मी ओ देण्याआधी मानेशी तो श्वास येतो. पहिल्या वर्षी मी सहज जिंकले. आळशीच तो, तीन हाकांचा! पण दरवर्षी तो थोडा लवकर श्वास घेतो. थोडासाच. मी म्हातारी होत चालले आणि तो एकोणीसचाच आहे. गेल्या वर्षी आमच्या दोघांत पापणी लवायचंसुद्धा अंतर नव्हतं. म्हणून तू हवीस. तुझी छाती तरुण आहे. मी नाव पुकारीन, आणि शेवटचं अक्षर माझ्या ओठांवर असतानाच तू ओ द्यायचीस. मोठ्यानं. लाजायचं नाही, थांबायचं नाही, आणि त्याचा आवाज ऐकावा असं मनात आणायचं नाही. माझ्या मनात अजून येतं. म्हणून तर मी आता नालायक आहे या कामाला.

तयार आहेस? हात दे. गार पडलाय गं. घाबरू नकोस. माझ्याकडे बघ, दाराकडे नको. मी श्वास घेते, आणि मग...

अगं, आत्ताच काय ओ देतेस? मी अजून नाव घेतलंच नाही.

जेनेट?

तोंडावर हात का ठेवलास?

...तू नव्हतीस.

तसाच आहे गं आवाज. तसाच, ताणून. आणि एका हाकेत दिली. आयुष्यात पहिल्यांदा, एका हाकेत.

ऊठ. उठून उभी राहा माझ्याबरोबर. उशीर झाला तरी द्यायची. तेव्हाही आम्ही दिली होती. ओ! ऐकलंस का रे? ओ! तुझी आई आहे इथे! जागा राखलीय तुझी, मी मेल्यावरही ही राखेल! कुणाच्या का हाकेला येत असशील, माघारी फीर!

म्हण, जेनेट. मोठ्यानं म्हण. म्हणत राहा...

पण मी नाव घेतलं नाही. तू घेतलं नाहीस. मग त्याला पुकारलं कुणी?

जेनेट... हा वास... घरात लवंग आहे का?